आत्यांची पिपाणी आणि काटकसरीचा इतिहास

खूप दिवस काही लिहिलं नव्हतं. मे महिन्यात मुलांना घेऊन मुरुडला गेले होते, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज दोघंही लवकर झोपलीत, म्हणून बसले लिहायला.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली. मुरुडला लाइट जाणं ही काही बातमी नव्हे, पण आमच्या दोन शहरी बाळांना ती जगबुडीच वाटली. पाचच मिनिटांत "आई, आता काय करू?" सुरू झालं. मी वैतागून काहीतरी बोलणार, तेवढ्यात आत्या पडवीतून उठल्या. (या माझ्या आतेसासूबाई, सासऱ्यांच्या सर्वांत थोरल्या बहीण. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत.) वाडीत गेल्या, पडलेल्या झावळीचं एक हिरवं पातं ओढून घेतलं, त्याचा हीर काढला आणि पात्याची पट्टी तिरकी गुंडाळत गेल्या. एक टोक निमुळतं, दुसरं कर्ण्यासारखं रुंद. सुटू नये म्हणून हिराचाच एक तुकडा टाचणीसारखा टोचला. निमुळतं टोक जरा चपटं करून तोंडात धरलं आणि फुंकलं. काय आवाज! शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला.

मग काय, दुपारभर पिपाण्या. नंतर घड्याळ, चष्मा, भिरभिरं, साप. आत्यांचे हात थांबत नव्हते. मी कौतुकाने म्हटलं, "आत्या, हे सगळं कधी शिकलात तुम्ही?"

त्या मान वर न करता म्हणाल्या, "शाळेच्या वेळेत."

मला वाटलं शाळेत हस्तकलेचा तास असेल. तसं नव्हतं. ते पुढे सांगते.

आधी तो नारळाचा हिशेब. मी मुलीच्या वहीत यादीच करायला घेतली, की आत्यांच्या लहानपणी एका झाडाचं काय काय व्हायचं. शहाळं, खोबरं, तेल हे तर आपल्याला माहीत असतंच. पण झावळी विणली की झाप होतो. झापांचा मांडव, झापांचं कुंपण, पावसाळ्यात मातीच्या भिंतीला झापांचा आडोसा. पात्यातला हीर काढून मूठभर बांधले की अंगण झाडायचा खराटा. सोडणं बंबात घालायची, पाणी तापवायला. चांगली सोडणं कुजवून काथ्या काढायचा, त्याचा दोर वळायचा. करवंटीला बांबूची काडी बसवली की डाव. दोन करवंट्या आणि सुतळी असली की मुलांचा तराजू. मग त्यात वाळू, शंख, चिंचोके असला सगळा माल तोलायचा. वाळलेली पोय चुलीत. तेल काढून उरलेली पेंड गाईला. शेजारी पोफळ असायचीच. तिच्या जुन्या खोडाचे पाणी वाहून न्यायचे पन्हळ आणि गळून पडलेली विरी म्हणजे मुलांची गाडी! एकाने विरीवर बसायचं आणि दुसऱ्याने झावळीचं टोक धरून ओढायचं. आमच्या चिरंजिवांनी अंगणभर ही गाडी ओढवून घेतली आणि चड्डीची पार वाट लावली :)

स्वयंपाकघरातही तोच कारभार. नारळाचं दूध काढायचं ते तीनदा. पहिलं घट्ट दूध सणाच्या पदार्थाला, दुसरं आमटीला, तिसरं पातळ पाणी भातात. राहिलेला चोथाही टाकायचा नाही, तो भाजीत किंवा चटणीत. मोदकांची उकड उरली की तिच्यात मिरची, जिरं, कोथिंबीर मळून चपट्या वड्या वाफवायच्या, म्हणजे निवगऱ्या. (खरं सांगू का, आमच्या घरी मोदकांपेक्षा निवगऱ्यांवर जास्त भांडणं होतात.) फणस खाल्ला की आठळ्या धुऊन, वाळवून राखेत ठेवायच्या. आषाढात भाजी मिळेनाशी झाली की त्या बाहेर निघायच्या. कलिंगडाच्या सालीच्या आतला पांढरा भाग किसून धिरड्यात. नासलेलं दूध, शिळी भाकरी, उरलेला भात, सगळ्यांचं पुढे काय करायचं ते ठरलेलं.

आणि थंडीतली पोपटी! रायगडकरांना सांगायला नकोच, बाकीच्यांसाठी लिहिते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे बटाटे, हवी तर अंडी, वर परत पाला. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, वाळक्या झावळ्या रचून पेटवायचं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चर्र आवाज आला की झालं. तेल नाही, भांडी घासणं नाही आणि जळणही फुकटचं. हल्ली पोपटीच्या पार्ट्या होतात, पण मुळात हा शेतावरच्या लोकांचा स्वयंपाक. जे हाताशी होतं त्यातून झालेला.

इथपर्यंत यादी करून मी भलतीच खूश होते. मनात लेखाचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं, 'आजीच्या काळचं शून्य कचरा घर' की काय तसलं. संध्याकाळी आत्यांना यादी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर लिहिलंस. पण का करायचो, ते नाही लिहिलंस."

आणि तिथून माझा लेख भलतीकडेच गेला.

आत्यांचा जन्म 1941चा. तेव्हा मुरुड हे सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानाची राजधानी होतं. नवाबांचा राजवाडा अजूनही गावाबाहेर टेकडीवर उभा आहे, अलिबागकडून येताना दिसतो. किल्ला बघायला येणारे पर्यटक 'अजिंक्य जंजिरा' म्हणून फोटो काढून जातात, पण किल्ल्यासमोरच्या गावातले लोक काय खात होते हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. जमीन थोडी, त्यात भाताचं पीक एकच. वाडी असली तरी ती शिंपायला रहाट, बैल आणि घरातली माणसं लागायची. त्यामुळे कोकणातल्या बहुतेक घरांसारखा आमच्याही घरातला कर्ता माणूस मुंबईला. आत्यांचे वडील गिरणीत होते. घर चालायचं ते महिन्याच्या मनीऑर्डरवर आणि घरच्या बाईच्या हिकमतीवर.

आत्या दुपट्यात होत्या तेव्हा जग पेटलेलं होतं. 1942मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाखा त्या तांदळावर फार अवलंबून होता. 1943मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. साखर, रॉकेल, कापड, सगळ्याचीच टंचाई. गावाकडच्या घरांत याचा अर्थ अगदी साधा होता. दिवा लवकर विझवायचा, भाताऐवजी पेज आणि नवं कापड नाही. आत्या म्हणतात, त्यांच्या आईच्या एका नऊवारी लुगड्याचे तीन जन्म झाले. लुगडं विरलं की त्याची झबली, टोपडी, दुपटी. तीही विरली की गोधडीच्या आतले थर. आणि शेवटी चिंध्यांची बाहुली, नाहीतर पोतेरं. "बाहुलीसाठी नवा कपडा म्हणून कधी मागितलाच नाही," आत्या म्हणाल्या, "नवा कपडा असतो हेच ठाऊक नव्हतं."

पावसाळा आला की आणखी एक. उघड्या समुद्रावरच्या बोटी बंद व्हायच्या. रेवदंड्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, तरीनेच पलीकडे जायचं. म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांची बेगमी. तांदूळ, वाल, मीठ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, सुके बोंबील, सुकट आणि जळण. ती आंबापोळी म्हणजे गोडाची हौस नव्हती. रस टिकवायचा दुसरा मार्गच नव्हता. आपण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडून ताटात रस पसरून 'ॲक्टिव्हिटी' करून घेतो. तेव्हा ते चुकलं तर श्रावणात ताटात एक पदार्थ कमी पडायचा.

आणि 1947चा जुलै. 17 जुलैला, अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी हवेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी सणासाठी घरी निघालेली चाकरमानी मंडळी होती. आत्या तेव्हा सहा वर्षांच्या. बातमी मुरुडला आली तेव्हा वडील त्या बोटीवर होते की नव्हते हे कोणालाच माहीत नव्हतं. रेवसला उतरून अलिबागमार्गे घरी यायची त्यांची नेहमीची वाट. आईने तीन दिवस चूल पेटवली नाही असं नाही, आत्या म्हणतात, पेटवली, आम्हाला जेवायला वाढलं, पण ती बोलली नाही. चौथ्या दिवशी कार्ड आलं, रजा मिळाली नाही म्हणून. "रजा नाही मिळाली म्हणून जन्मात एकदाच आनंद झाला."

त्यानंतर महिन्याभरात स्वातंत्र्य आलं. 1948मध्ये संस्थान विलीन झालं, मुरुड कुलाबा जिल्ह्यात आलं. (त्याचं नाव रायगड झालं ते 1981मध्ये.) आणि 1950मध्ये दोन गोष्टी झाल्या. देशाची घटना लागू झाली आणि आमच्या घरात माझे सासरे जन्माला आले.

आता ती शाळेची गोष्ट.

घरात मधली दोन भावंडं होतीच, त्यात हे तान्हं. आईला वाडीत शिंपणं, गुरं, भात कांडणं. मूल सांभाळायचं कोणी? थोरल्या मुलीने. आत्या तेव्हा चौथीत होत्या. शाळा बंद करा असं कोणी म्हटलंच नाही. "आज राहा घरी," एवढंच म्हणायचे. आज, मग उद्या, मग भात लावणीपुरतं, मग भाद्रपदापर्यंत. असं करत पाटी फडताळावर गेली ती गेलीच.

तान्हा रडायला लागला की त्याला गप्प कसं करायचं? घरात खेळणं नाही, विकत आणायची सोय नाही. नऊ वर्षांची ती मुलगी कडेवर भावाला घेऊन वाडीत फिरायची आणि हाताला येईल त्याचं काहीतरी करून दाखवायची. पिपाणी, भिरभिरं, साप, विरीची गाडी. शाळा भरल्याचा टोल ऐकू यायचा तेव्हा ती पिपाणी वाजवायची, म्हणजे तो टोल ऐकू येऊ नये.

शाळेच्या वेळेत, म्हणजे हे असं.

मला खरंच पुढे काही विचारवेना. दुपारभर मी ज्याचे व्हिडिओ काढत होते, माझी मुलं ज्यावर खिदळत होती, ती एका मुलीच्या सुटलेल्या शाळेची शिल्लक होती. आणि ज्या घटनेचा आपल्याला अभिमान आहे, तिच्यात त्याच साली लिहिलेलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील.

परत आल्यावर मी जरा वाचत बसले आणि एक गोष्ट नव्याने लक्षात आली. तुमच्यापैकी शिक्षिका असलेल्यांना ठाऊक असेल. ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी म्हणजे हाच आपला कोकण किनारा, फक्त उत्तरेकडचा. मॉन्टेसरीची साधनं महागडी, ती गावात कुठून आणणार? म्हणून या बायकांनी शंख, शिंपले, बिया, पानं, काड्या, माती यांचीच साधनं केली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानं-फुलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर अंगणात जाऊन बालवाडी भरवली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली. पुढे 1957च्या सुमाराला हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्यांनी पाहिलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्याला नाव दिलं विकासवाडी. मुलीने यायचं, धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि आपल्या वर्गात जाऊन बसायचं. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला आधी त्या कडेवरच्या मुलाकडे कोणाचं तरी लक्ष जावं लागतं.

मी फोनवर आत्यांना हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाळाला घेऊन शाळेत जायची सोय होती म्हणतेस. आमच्याकडे नव्हती एवढंच." त्यात राग नव्हता. मला आला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो बऱ्याच जणांच्या घरचाच आहे. आत्या लग्न होऊन गिरगावात चाळीतल्या एका खोलीत आल्या. याच गिरगावात 1959मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. घरात फुकट चालणाऱ्या कामाला दाम मिळू शकतो, हे तेव्हा कितीतरी बायकांना पहिल्यांदा कळलं. 1965मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, चाळीत बहुतेक घरांनी सोडलं. ("आम्हाला काय नवीन होतं ते," इति आत्या.) 1972च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला. त्या लाल मिलोची भाकरी थापताना फुटायची, म्हणून आत्या त्यात उकडलेला बटाटा घालायच्या. त्याच सुमाराला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. आत्याही एका मोर्चाला गेल्या होत्या, घरी न सांगता! हे आमच्या सासऱ्यांनाही माहीत नव्हतं, आता हे वाचून कळेल.

मला हा लाटणं मोर्चा फार महत्त्वाचा वाटतो. घराघरात एकेकट्या बाईने मुकाट्याने जी काटकसर केली, ती कोणाच्या तरी चुकीच्या कारभारामुळे करावी लागते आहे, हे तिथे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं गेलं. तोपर्यंत 'सुगरण' म्हणून कौतुक करायचं आणि विषय संपवायचा. आपली पाकपुस्तकं पाहा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910चं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970ची. दोन्ही माझी आवडती, 'रुचिरा' तर माझ्याकडे हळदीच्या डागांसकट आहे. पण करणारी बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात किती उरलेलं असतं, ते कुठल्याही पाककृतीत नसतं. 'चार माणसांसाठी' म्हणतात, त्या चारांत ती असते का?

आता वाडीबद्दल. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आम्ही मुंबईत टाळेबंदीत अडकलेलो आणि आत्या मुरुडला. दोन दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी घराचं, कौलांचं काही सांगितलं नाही. पडलेली झाडं सांगितली, एकेक करून, जागेसकट. विहिरीजवळचा, गोठ्यामागचा, दोन बांधावरचे. आमची निम्मी वाडी आडवी झाली होती. त्यातली किती झाडं त्यांनी लहानपणी रहाटाच्या पाण्यावर शिंपलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या माणसाने एक झाड पुरवून पुरवून वापरलं, पण झाडच पडल्यावर काटकसर कशाची करणार? नारळ लावला की धरायला सहा-आठ वर्षं लागतात. आत्यांनी एकोणऐंशीव्या वर्षी बाणवलीची रोपं लावून घेतली. मी मनात म्हटलं होतं, कशाला आता या वयात. त्यातल्या एकाला यंदा पोय आली आहे.

तर माझा प्रश्न असा होता, की हे सगळं मुलांना शिकवावं की नाही? परवडत नव्हतं म्हणून जे केलं, त्याचा आपण खेळ करणं हा त्या माणसांचा अपमान तर नाही? निघायच्या आदल्या दिवशी मी हे आत्यांनाच विचारलं. माझी आठ वर्षांची लेक तेव्हा अंगणात धाकट्या भावाला पिपाणी करून देत होती. तो रडत होता, ती समजूत घालत होती. आत्यांनी तिकडे बोट दाखवलं.

"शिकव की. हात रिकामे असण्यापेक्षा बरं. पण तिला शिकवशील ते त्यालाही शिकव. आणि तो रडला की दर वेळी तिला हाक मारू नकोस."

मी चपापले. कारण पाच मिनिटांपूर्वी "जरा बघ गं त्याच्याकडे" असं मीच आतून ओरडले होते. माझ्या हातात तेव्हा काय होतं माहीत आहे? वही. काटकसरीच्या इतिहासाची :(

तेव्हापासून आमच्याकडे थोडा बदल आहे. निवगऱ्या चिरंजीव थापतात, वेड्यावाकड्या होतात, पण थापतात. लेक तिच्या पुस्तकाच्या वेळेला पुस्तक घेऊन बसते आणि त्या वेळात घरात कोणी कितीही रडलं तरी उठायचं काम माझं किंवा नवऱ्याचं. पिपाणी दोघांनाही येते. लेकीची जास्त सुबक होते, लेकाची जास्त जोरात वाजते.

आत्या हल्ली रोज पेपर वाचतात, ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शब्दकोडंसुद्धा सोडत नाहीत. पैसे दिलेत ना पेपरचे, मग वाया का घालवायचा, असं म्हणतात.

असो. लेख अपेक्षेपेक्षा लांबला. तुमच्या घरात अशी कोणी थोरली मुलगी होती का, जिचे हात फार हुशार आणि पाटी फडताळावर? अजून असेल तर तिला एकदा विचारा, हे सगळं कधी शिकलीस म्हणून. आणि काका, पेण आणि रोह्याकडे पोपटीत आणखी काय घालतात ते आठवणीने कळवा, मुलांनी थंडीची वाट बघायला आत्तापासूनच सुरुवात केली आहे.